पाण्यावरून कामाला

रायगडच्या किनाऱ्यावरून रोज मुंबईला कामावर जाणाऱ्याच्या वाटेत पाणी येतेच. मांडव्याच्या जेटीवर उभे राहिले की हवा स्वच्छ असताना समोर दक्षिण मुंबईच्या इमारती दिसतात. समुद्रावरून हे अंतर एकोणीस-वीस किलोमीटर. तेच रस्त्याने जायचे तर अलिबाग, पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा वळसा पडतो आणि शंभरच्या आसपास किलोमीटर होतात, कारण मध्ये धरमतरची खाडी थेट आत शिरलेली आहे आणि पुढे ठाण्याची खाडी आडवी येते. उरणचे गणित याहून विचित्र. मोरा बंदरातून माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर लाँच पाऊण तासात पोहोचते, पण जमिनीवरून जाणाऱ्या उरणकराला पनवेल किंवा बेलापूर गाठून, वाशीचा पूल ओलांडून, सगळी नवी मुंबई पार करावी लागे. शहर डोळ्यांसमोर आणि वाट उलट दिशेला, अशी ही स्थिती आहे.

म्हणून इथली वाहतूक आधी पाण्यावर वाढली. रूळ आणि डांबर नंतर आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीची फेरी आगबोट मुंबईहून धरमतरपर्यंत जात असे. भाऊचा धक्का हे नाव त्याहून आधीचे. भाऊ अजिंक्य यांनी १८४१ च्या सुमारास माझगावच्या किनाऱ्यावर धक्का बांधून घेतला, त्याआधी प्रवासी आणि माल चिखलातून नाहीतर छोट्या होडीतून किनाऱ्याला लागत. मूळ धक्क्याची जागा पुढे भरावात गेली, बंदर नवे झाले, सरकारदरबारी त्याला फेरी व्हार्फ म्हणतात. पण मोरा-रेवसचा प्रवासी आजही ‘भाऊच्या धक्क्याला’ उतरतो. तिथून हार्बर मार्गावरचे डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ पडते.

तेव्हा रोज जाऊन रोज परतण्याची पद्धत मात्र नव्हती. कोकणातला चाकरमानी गिरणीत नाहीतर कचेरीत लागला की गिरणगावात खोली घेई किंवा गाळ्यात जागा धरी, आणि गणपती-शिमग्याला बोटीने गावी येई. ‘अपडाऊन’ हा शब्द या किनाऱ्यावर रुजला तो यांत्रिक लाँच नियमित झाल्यावर. तरीही तो सगळ्या किनाऱ्याचा कधीच झाला नाही. उरण, अलिबाग आणि पेण हे तीन तालुके रोजच्या जाण्यायेण्याच्या टापूत येतात. मुरूड-श्रीवर्धनकडचा माणूस अजूनही मुंबईत मुक्काम करूनच नोकरी करतो. पनवेल तर आता उपनगरातच जमा.

पाण्यावरून कामाला जाण्यातली खरी अडचण समजून घ्यायची तर आधी भरती-ओहोटी समजली पाहिजे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि दोन्हींच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. भरतीच्या वेळेचा एक तोंडी हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पूर्ण ओहोटी त्याच्या आधी किंवा नंतर सहा तासांनी. भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहिले तर थोडा फरक पडतो, पण खलाशाचे काम त्यावर भागते.

आता हाच हिशेब कचेरीच्या वेळेशी लावून पाहावा. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती सात-साडेसात, मग आठवर सरकते. हेच दिवस उधाणाचे असतात. चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत आल्याने भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटी सर्वांत खोल जाते, आणि उधाणाचा जोर प्रत्यक्षात तिथीनंतर एक-दोन दिवसांनी टिपेला पोहोचतो. मुंबईच्या समुद्रात अशा दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरहून अधिक भरतो, म्हणजे एका मजल्याहून जास्त. याउलट अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी असतो आणि भरती नेमकी सकाळ-संध्याकाळ सहाला येते.

थोडक्यात, महिन्यातून दोनदा, पाण्याची पातळी सर्वांत खाली जाण्याची वेळ आणि नोकरदाराने बंदरात यायची वेळ एकच ठरते. मुंबई बंदराच्या भूगोलातच हे बसलेले आहे. कुठल्या अधिकाऱ्याने वेळापत्रक बदलून ते टळणारे नाही. इतर शहरांतल्या फेरीबोटींची उदाहरणे देताना हा मुद्दा सहसा विसरला जातो. इस्तंबूलमध्ये लाखो लोक बोटीने कामावर जातात, पण बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. कोचीची जलमेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. तिथले तरंगते धक्के पाण्याबरोबर वर-खाली होतात, मात्र कोचीच्या खाडीत हा चढउतार मीटरभराचा आहे. चार मीटरच्या चढउतारात, वर खाडीचा गाळ साचत असताना, तोच आराखडा जसाच्या तसा बसवता येत नाही.

गाळ हा दुसरा घटक. मोरा बंदर उरणच्या बेटाआड, आतल्या बाजूला आहे, त्यामुळे लाटांपासून सुरक्षित. पण पाणी जिथे शांत, तिथे गाळ बसतोच. उधाणाच्या ओहोटीला जेटीशी लाँचपुरतेही पाणी उरत नाही. मग शेवटच्या टप्प्यात लाँचचा वेग मंदावतो, खालून चिखल घासल्याचा जडपणा जाणवतो, पंख्याने ढवळलेले पाणी करड्याचे काळे होते, आणि लाँच थांबते. रोजचे प्रवासी अशा वेळी उठतही नाहीत. एखादा नवखा माणूस उभा राहून जेटीकडे पाहतो, दिवे दिसत असतात, माणसेही दिसत असतात. पाणी चढेपर्यंत बसायचे, नाहीतर लहान होडी आली तर तिच्यातून उतरायचे. ओहोटीमुळे काही तास लाँच बंद, ही सूचना मोऱ्याच्या प्रवाशाला पाठ आहे. गाळ उपसला जातो, पुन्हा भरतो. धरमतर खाडीच्या मुखावरच्या रेवसचे दुखणे हेच.

मांडवा पुढे गेला त्यामागे हेही एक कारण आहे. तो उघड्या समुद्राच्या बाजूला असल्याने तिथे पाणी तुलनेने खोल. पण उघड्यावर असण्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की लाटा सरळ अंगावर येतात. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस गेटवे–मांडवा लाँच बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. मोरा–भाऊचा धक्का ही वाट मात्र आतल्या पाण्यातली असल्याने पावसाळ्यातही चालू राहते, भाडे तेवढे वाढते, आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की तीही थांबते. म्हणजे ज्या बंदराला नऊ महिने चांगले पाणी त्याला तीन महिने सुट्टी, आणि जे बाराही महिने चालते ते महिन्यातून दोनदा चिखलात. दोन्ही गुण एका ठिकाणी असलेले बंदर निसर्गाने या पट्ट्यात दिलेले नाही.

मांडव्याला जाणाऱ्या लाँच गेटवे ऑफ इंडियाजवळच्या धक्क्यावरून सुटतात. पीएनपी, मालदार आणि अजंता ही नावे अलिबागकरांच्या तोंडी बसलेली आहेत. समुद्रातला प्रवास तासाभराचा. मांडव्याला उतरल्यावर त्याच तिकिटावर अलिबागपर्यंत बस मिळते, ही सोय म्हणजे या मार्गाचे खरे बलस्थान. बोट आणि बस यांची सांगड मुंबईत इतरत्र फारशी जमलेली नाही. बस चुकली तर मिनिडोर. सहाआसनी रिक्षेला अलिबागकडे हेच नाव आहे, आणि तिच्यात सहाच माणसे बसतात असा समज कोणी करून घेऊ नये.

सोमवारी सकाळी सुटणाऱ्या लाँचवर दोन प्रकारचे लोक ओळखू येतात. वरच्या डेकवर शनिवार-रविवारचे पर्यटक असतात. हिवाळ्यात लाँचमागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांना ते वेफर्स फेकतात आणि फोटो काढतात. खालच्या डेकवर इंजिनाच्या घरघरीत नोकरदार झोपलेले असतात, पिशवी पायांत अडकवलेली. गेटवेला आल्यावर धक्क्याशी जागा नसली तर लाँच दुसऱ्या लाँचला खेटून बांधतात. मग प्रवासी एका बोटीच्या कडेवरून दुसऱ्या बोटीत, तिच्यातून तिसरीत, असे धक्क्यावर येतात. दोन बोटी लाटेवर वेगवेगळ्या वर-खाली होत असताना पाय कधी टाकायचा हे खलाशाच्या हाताच्या खुणेवर ठरते. सरावलेली माणसे एका हातात डबा धरूनही ते करतात. पुढे फोर्टमधली कचेरी चालत गाठता येते. ज्याला अंधेरीला जायचे असते त्याने चर्चगेट गाठावे, आणि त्याचे गणित तिथेच कोलमडते. लाँचचा फायदा दक्षिण मुंबईत काम असणाऱ्यालाच आहे. नोकऱ्या बांद्रा-कुर्ला संकुल आणि उपनगरांकडे सरकल्या तसा तो फायदा कमी होत गेला.

सुरक्षिततेचा इतिहास या वाटेवर जड आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात उलटली आणि ६०० हून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. भरपावसात, गर्दीने भरलेली बोट. रेवसच्या मच्छीमारांनी काही जणांना वाचवले. अलिबाग तालुक्यात आणि गिरणगावात या बोटीची आठवण पुढच्या पिढ्यांना सांगितली गेली, आणि पावसाळ्यातल्या बंदीबद्दल जुनी माणसे कधी कुरकुर करत नाहीत, त्यामागे ही आठवण आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून १५ जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर गेटवेच्या लाँचवर जीवरक्षक जॅकेट घालण्याबाबत कडक तपासणी सुरू झाली. फेरीबोटींचे परवाने, प्रवासीक्षमता आणि हंगामाच्या तारखा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का आणि मांडवा यांच्यात रो-रो सेवा सुरू झाली, लगेच टाळेबंदीत अडकली आणि त्याच वर्षी पुन्हा मार्गी लागली. ग्रीसमध्ये बांधलेली ही मोठी बोट वाहने पोटात घेते आणि साधारण तासाभरात पलीकडे पोहोचवते. आकाराने मोठी असल्याने पावसाळ्यातही, हवामान पाहून, ती चालते. त्यामुळे तीन महिन्यांची पूर्ण बंदी पहिल्यांदाच सैल झाली. तरी तिच्या फेऱ्या कमी, आणि तिचा मुख्य गिऱ्हाईक आहे मोटारीसह येणारा. सोमवारी सकाळी परत जाणाऱ्या बंगलेवाल्यांना ती सोयीची. सव्वानऊच्या मस्टरला पोहोचायचे असलेल्या कारकुनाला तितकी नाही.

रेल्वेने या किनाऱ्याला बराच काळ दुरूनच पाहिले. मुंबईची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गेली, पण ठाणे खाडी ओलांडून उपनगरी गाडी मानखुर्दहून वाशीला यायला १९९२ उजाडले, आणि ती पनवेलला १९९८ मध्ये पोहोचली. पनवेलला लोकल आली त्या दिवसापासून पेण-अलिबागकडच्या नोकरदाराची एक नवी चाल ठरली: पनवेलपर्यंत एसटी, पुढे लोकल. अलिबागहून पहाटेची एसटी पकडायची, वडखळ नाक्यावर गर्दी घ्यायची, कर्नाळ्याची खिंड उतरून पनवेलला पोहोचायचे, आणि हार्बरच्या गाडीत पहिल्याच स्टेशनावर खिडकी मिळवायची. सुरुवातीच्या स्टेशनावर बसायला जागा मिळणे ही मुंबईच्या प्रवासात फार मोठी गोष्ट असते. पेण, नागोठणे, रोहा भागाला दिवा–रोहा गाडी आहे. कासू, हमरापूर, जिते, आपटा, रसायनी असे थांबे घेत ती पनवेल, दिवा गाठते. फेऱ्या मोजक्या, म्हणून ती चुकली की दिवसाचा खाडा. अलिबागला प्रवासी रेल्वे आजही नाही. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचे रूळ मात्र कधीच पोहोचले आहेत. त्याच रुळांवर प्रवासी गाडी चालवा ही मागणी जुनी आहे, आणि ती मागणी रास्त आहे.

उरणची कथा याच्या उलट वळणाने संपली. सिडको आणि रेल्वे यांनी मिळून हाती घेतलेला नेरूळ/बेलापूर–उरण मार्ग वर्षानुवर्षे रखडला. जमीन, खारफुटी, पैसे, सगळे अडथळे आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो खारकोपरपर्यंत सुरू झाला आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणला लोकल पोहोचली. मुंबईत जाणाऱ्याला बेलापूरला किंवा नेरूळला गाडी बदलावी लागते, फेऱ्यांमधले अंतर मुंबईच्या मानाने मोठे आहे. तरीही मोऱ्याच्या लाँचला एवढा मोठा प्रतिस्पर्धी याआधी कधी मिळाला नव्हता. कारण दोन. एक म्हणजे लोकल तिथी पाहत नाही. दुसरे, पास. उपनगरी रेल्वेचा महिन्याचा पास सुट्या तिकिटांच्या हिशेबात निम्म्याहून स्वस्त पडतो, शिवाय हे भाडे मुळातच सवलतीचे. लाँचमालकाला डिझेल, खलाशांचे पगार आणि बंद हंगामातली देखभाल तिकिटातूनच काढावी लागते. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून प्रवाशांना फुकट आहे, कारण तिचा खर्च शहर उचलते. पाण्यावरची सार्वजनिक वाहतूक स्वस्त करायची तर कोणीतरी तो खर्च उचलावाच लागतो. इथे तो आजवर प्रवाशानेच उचलला आहे.

ज्या दिवशी उरणला लोकल आली त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले. शिवडी ते न्हावाशेवा, लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. मोटारीने दक्षिण मुंबईहून उरणच्या बाजूला यायला आता तासाचाही प्रश्न उरला नाही. पण सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे, आणि मोटारीला टोल आहे. या भागातल्या कामगाराचे वाहन म्हणजे दुचाकी. तेव्हा त्याच्या वाट्याला सेतू येतो तो फक्त बसच्या खिडकीतून. ‘बेस्ट’ने मार्च २०२४ मध्ये बेलापूर आणि कफ परेडचे वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्यात सेतूवरून एस-१४५ ही बस सुरू केली. अशा बस वाढल्या तरच सेतू सार्वजनिक वाहतुकीच्या हिशेबात धरता येईल. सध्या तो मोटारवाल्यांचा रस्ता आहे.

ही सारी ये-जा एकाच दिशेची नाही, हेही नोंदवले पाहिजे. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. उरणला तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प आहे, करंज्याला नौदलाचा शस्त्रसाठा आहे. या ठिकाणी काम करणारे कितीतरी लोक सकाळी मुंबई-नवी मुंबईहून इकडे येतात आणि संध्याकाळी परततात. कोळणींचे वेळापत्रक तर तिसरेच. भाऊचा धक्का हा मासळीचा मोठा बाजार, तिथे पहाटेच लिलाव होतो, आणि त्यांना सव्वानऊच्या मस्टरशी काही घेणे नाही. अलिबागचा पांढरा कांदा, कडवे वाल, नारळ-सुपारी हेही लाँचमधून जाते. कचेरीतल्या माणसाच्या पिशवीतही शुक्रवारी परत येताना काही नसते आणि सोमवारी जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेले काहीतरी असतेच.

पुढचा मोठा बदल धरमतर खाडीवर व्हायचा आहे. करंजा आणि रेवस समोरासमोर आहेत. त्यांच्यात लाँचने वीस मिनिटांच्या आतले पाणी आहे, रस्त्याने मात्र पेणकडून पूर्ण फेरा. या दोन गावांमध्ये पूल बांधायची कल्पना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. रेवस–रेड्डी सागरी मार्गाचाच तो पहिला दुवा. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या पुलाचे काम चार दशकांनी हाती घेण्यात आले. तो झाला की अलिबागचा नोकरदार करंज्यावरून उरणची लोकल पकडू शकेल आणि मांडव्याच्या लाँचला पावसाळ्यात पर्याय मिळेल. तोपर्यंत करंजा–रेवसची लाँच भरती-ओहोटी पाहून सुटते, आणि शेवटची फेरी चुकलेल्याला पेणमार्गे घरी जावे लागते.